न आलेला पुढचा भाग

कार्टून म्हणजे लहान मुलांचे खूळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. जपानमध्ये ती कधीच मोडीत निघाली. तिथे अशा चित्रमालिकांना ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात आणि त्या सगळ्या वयाची माणसे पाहतात. आपल्याला हा प्रकार अगदीच परका आहे असेही नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची ‘जंगल बुक’ लागायची. ती मालिका जपानी होती. फक्त शीर्षकगीत आपले, गुलजारांचे होते. म्हणून आपल्याला ती आपलीच वाटली.

आज ज्या मालिकेविषयी बोलायचे आहे तिच्यात मोगलीसारखा खेळकरपणा नाही. तिचे नाव ‘सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन’. १९९८ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात ती टीव्ही टोकियोवर दाखवली गेली. भाग अवघे तेरा. दिग्दर्शक र्‍युतारो नाकामुरा, लेखक चियाकी कोनाका, पात्रांची चित्रे योशितोशी आबे यांची आणि निर्माते यासुयुकी उएदा. लेन ही चौदा वर्षांची अबोल शाळकरी मुलगी. तिच्या शाळेतली एक मुलगी आत्महत्या करते आणि काही दिवसांनी त्याच मुलीच्या नावाने शाळेतल्या मुलींना ई-मेल येऊ लागतात. मी फक्त देह सोडला आहे, बाकी इथेच आहे, असे ती कळवते. हे ‘इथे’ म्हणजे संगणकांचे जाळे. मालिकेत त्याला ‘वायर्ड’ म्हटले आहे. लेन त्या जाळ्यात शिरते आणि तिच्या लक्षात येते, की आत आपल्यासारखीच दुसरी एक लेन आधीपासून वावरते आहे. ती धीट आहे, फटकळ आहे, लोकांची गुपिते फोडते आहे.

आठव्या भागाचे नावच ‘अफवा’ असे आहे. लेनची एकुलती एक जवळची मैत्रीण अरिसु. तिच्या मनातली खाजगी गोष्ट जाळ्यातून शाळाभर होते. कोणी सांगितली? लेनने. पण कोणत्या लेनने? इथून मालिका तिच्या खर्‍या विषयाकडे वळते. शेवटी झालेली हानी भरून काढायला लेनपुढे एकच उपाय उरतो. ती सगळ्यांच्या स्मरणातून स्वतःला पुसून टाकते. आईवडील, बहीण, मैत्रीण, कोणालाच ती आठवत नाही.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. १९९८ साली मोठ्या शहरांत सायबर कॅफे नुकते दिसू लागले होते आणि टेलिफोनची तार मोडेमला जोडली, की खरखर आवाज यायचा. त्या काळात जपानमधली ही मंडळी विचारत होती, की माणसे एकमेकांना इतकी जोडली गेली, तर एखाद्याच्या नावाने पसरलेल्या खोट्याचे काय करायचे?

मालिकेचे चाहते जगभर झाले. संख्येने थोडे, पण पक्के. साहजिकच मागणी सुरू झाली, पुढचा भाग कधी? तो आला नाही. आणि नीट पाहिले तर तो यायला जागाच नव्हती. जी नायिका सगळ्यांच्या आठवणीतून गेली, तिची पुढची गोष्ट कोण सांगणार?

जागा नसतानाही पुढचे भाग निघतात, हे मात्र खरे. ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ ही १९७४-७५ ची मालिका प्रेक्षक मिळेनात म्हणून ठरल्यापेक्षा लवकर, सव्विसाव्या भागावर आटोपली. १९७७ साली तिच्यातून जुळवलेला चित्रपट तुफान चालला. १९७८ च्या उन्हाळ्यात पुढचा चित्रपट आला. त्यात नायक मरतो, प्रेक्षक रडत बाहेर पडतात. पण गल्ला पाहून त्याच वर्षी ऑक्टोबरात तीच कथा पुन्हा मालिकेच्या रूपाने आली आणि तिच्यात नायक जिवंत राहिला. मरण मागे घेता आले, कारण तिकीटबारीला तो माणूस हवा होता.

याच्या उलट उदाहरण गायनॅक्स या संस्थेचे. तिचा पहिला मोठा चित्रपट १९८७ चा ‘रॉयल स्पेस फोर्स’. ‘आओकी उरु’ नावाचा त्याचा उत्तरभाग १९९२ मध्ये हाती घेतला गेला. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो ठरले, कामही सुरू झाले. १९९३ मध्ये पैसे संपले आणि सगळे थांबले. त्या अपयशातून बाहेर पडून आन्नोंनी १९९५ मध्ये ‘इव्हँजेलियन’ ही मालिका केली आणि तिने जपानी अ‍ॅनिमेचा नकाशाच बदलला. मूळ उत्तरभाग मात्र राहूनच गेला. २०२४ मध्ये गायनॅक्सने दिवाळखोरी जाहीर केली.

लेनच्या मंडळींनी तिसराच रस्ता धरला. दहा-अकरा वर्षांनी नाकामुरा, कोनाका, आबे आणि उएदा पुन्हा एकत्र आले. २००९ मध्ये ‘अ‍ॅनिमेज’ मासिकात कोनाकांची कथा आबे यांच्या चित्रांसह छापून येऊ लागली. नाव ‘देस्पेरा’. तिच्यावरून मालिका करायची होती. नायिका पुन्हा चौदा वर्षांची मुलगी, नाव आइन. शिक्षण नसताना काळाच्या पुढची यंत्रे बनवणारी. लेन आणि आइन, नावांचे नातेही लपत नाही. चाहत्यांनी तिला लेनची वारसदार मानले यात नवल नव्हते. नवल होते ते काळाचे. जाळ्याची गोष्ट पुढे न्यायची तर कोणीही २०५० सालात गेला असता. हे लोक मागे गेले. १९२२ च्या टोकियोत.

पण नाकामुरा आजारी पडले आणि काम थांबले. २९ जून २०१३ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ५८. ‘देस्पेरा’ आजवर पडद्यावर आलेली नाही. एक माणूस गेला आणि त्याच्याबरोबर त्याची नजर गेली. पैशाची सोय करता येते, नजरेची कुठून करणार?

आता १९२२ च का? जपानी माणसाला हे विचारावे लागत नाही. आपल्याकडे नुसते १९४६ म्हटले, तरी ऐकणार्‍याच्या मनात पुढचे वर्ष उभे राहते. तसेच हे आहे.

१ सप्टेंबर १९२३, शनिवार. दुपारी ११ वाजून ५८ मिनिटांनी टोकियो-योकोहामा परिसराला भूकंपाचा धक्का बसला. घराघरांत जेवणासाठी चुली पेटलेल्या, घरे लाकडाची. आगी लागल्या. होंजो भागातल्या एका मोकळ्या मैदानात आसर्‍याला आलेली सुमारे ३८,००० माणसे आगीच्या वावटळीत जळून गेली. एकूण मृत आणि बेपत्ता मिळून १,०५,००० च्या आसपास. बहुतेक वर्तमानपत्रांचे छापखाने बंद पडले. बातमी नाही म्हटल्यावर अफवा आली. कोरियन लोक आगी लावताहेत, विहिरींत विष टाकताहेत. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि पोटासाठी आलेले हजारो कोरियन मजूर या भागात राहत होते.

गल्लोगल्ली पहारे बसले. लाठ्या, भाले, तलवारी घेतलेली माणसे वाटसरूंना अडवू लागली. ओळख पटवायची कशी? बोलायला लावून. ‘जूगो एन गोजिस्सेन’ म्हण. म्हणजे पंधरा येन पन्नास सेन. शब्दाच्या सुरुवातीचे ‘ज’ आणि ‘ग’ कोरियन जिभेला जड जातात. जीभ अडखळली, की माणूस संपला. मारल्या गेलेल्या कोरियन माणसांचा आकडा आजही वादात आहे, तो हजारांत होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. चिनी मजूर मारले गेले. बोलू न शकणारे जपानीही मारले गेले. हा प्रसंग डोळ्यांनी पाहिलेले कवी त्सुबोई शिगेजी यांनी १९४८ साली लिहिलेल्या दीर्घ कवितेचे शीर्षक तेवढेच आहे, ‘पंधरा येन पन्नास सेन’.

६ सप्टेंबरला चिबा जिल्ह्यातल्या फुकुदा गावात औषधे विकत फिरणारा पंधरा जणांचा एक तांडा थांबला होता. माणसे दूरच्या कागावाची, जपानीच. पण बोली वेगळी. गावकर्‍यांना संशय आला आणि त्यांतले नऊ जण मारले गेले. त्यांत लहान मुलेही होती.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. माझ्या घरात दखनी बोलली जायची आणि मी कविता मराठीत लिहितो. आयुष्यभर भली माणसे कौतुकाने म्हणत आली आहेत, ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ त्यांचा हेतू चांगलाच असतो आणि मीही हसून आभार मानतो. पण आपला ‘ळ’ नीट उमटला म्हणून आपण पास झालो, हे त्या कौतुकात कुठेतरी असतेच. शब्द कवितेसाठी असतो, बाजारासाठी असतो, भांडणासाठीसुद्धा असतो. तो पहार्‍यावरच्या माणसाच्या हाती गेला, की त्याचे हत्यार होते.

अफवा अडाण्यांनी पसरवली, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. ३ सप्टेंबरच्या सकाळी गृहखात्याच्या पोलीस विभागाचा संदेश फुनाबाशीच्या नौदलाच्या बिनतारी केंद्रावरून देशभरच्या अधिकार्‍यांना गेला. त्यात कोरियन लोक आगी लावत असल्याचे सरकारच सांगत होते. त्या काळचे सगळ्यांत आधुनिक यंत्र खोटे वाहून नेत होते, तेही सरकारी शिक्क्यासह. यंत्रे बनवणार्‍या मुलीची गोष्ट या उंबरठ्यावर आणून ठेवण्यात लेखकाने काय साधले असते, हे इथे कळू लागते.

‘देस्पेरा’ या नावालाही इतिहास आहे. दादावादी लेखक त्सुजी जुन यांच्या १९२४ च्या पुस्तकाचे हेच नाव होते. त्यांची पूर्वीची पत्नी इतो नोए, बंडखोर विचारांची लेखिका. भूकंपानंतर दोन आठवड्यांनी, १६ सप्टेंबरला, लष्करी पोलिसांनी तिला, तिचे सहकारी ओसुगी साकाए यांना आणि ओसुगींच्या सहा वर्षांच्या भाच्याला पकडून नेले आणि ठार केले. भूकंपाच्या गोंधळात नको असलेली माणसे उरकून घेता येतात, हेही तेव्हाच दिसले.

हे सगळे दूरच्या देशातले आणि शंभर वर्षांपूर्वीचे आहे, असे वाटत असेल तर १ जुलै २०१८ चा रविवार आठवावा. लेन ही मालिका सुरू झाली त्याला तेव्हा वीस वर्षे होत होती. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. भिक्षा मागत हिंडणार्‍या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकले. तीही परक्या मुलखातली नव्हती, बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. फुकुदाचे फिरते विक्रेते आणि राईनपाड्याचे भिक्षेकरी यांच्यात ९५ वर्षांचे अंतर आहे. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राला लगाम घालता आला. हाताला तो ज्याचा त्यानेच घालायचा असतो.

भूकंपाने जपानला एक गोष्ट शिकवली. अफवेच्या आधी पोचेल असा आवाज हवा. २२ मार्च १९२५ रोजी टोकियोत शिबाउरा इथल्या तात्पुरत्या जागेतून नभोवाणी सुरू झाली. तिचे पहिले अध्यक्ष गोतो शिनपेइ. भूकंपाच्या दुसर्‍या दिवसापासून गृहमंत्री असलेले तेच गृहस्थ, ज्यांच्या खात्याकडून तो बिनतारी संदेश गेला होता. आपल्याकडे मुंबई केंद्र सुरू झाले २३ जुलै १९२७ रोजी. नभोवाणीवर बोलणार्‍या प्रत्येकाने हा जन्म लक्षात ठेवावा. तिच्याकडून पहिली अपेक्षा गोड आवाजाची नव्हती, खरेपणाची होती. आणि पुढच्या महायुद्धात जपानी नभोवाणी ती पाळू शकली नाही, हेही लक्षात ठेवावे.

फुकुदा गावावर २०२३ साली, बरोबर शंभर वर्षांनी, तात्सुया मोरी यांनी चित्रपट केला. जे काम ‘देस्पेरा’ने कदाचित केले असते, त्यातले थोडे तरी झाले. आइनची गोष्ट पुढे कुठे गेली असती ते आपल्याला दिसणार नाही. पण तिच्या शहरात त्या आठवड्यात आणखी एक माणूस जवळच होता. योकोहामाजवळच्या त्सुरुमी पोलीस ठाण्याचे प्रमुख ओकावा त्सुनेकिची. सुमारे ३०० कोरियन लोकांना त्यांनी ठाण्यात आसरा दिला. बाहेर जमाव जमला, यांच्या बाटल्यांत विष आहे म्हणू लागला. ओकावांनी वाद घातला नाही. बाटली मागवली आणि जमावासमोर तोंडाला लावली, असे सांगतात. १९५३ साली तिथल्या कोरियन रहिवाशांनी त्सुरुमीच्या तोझेन्जी मंदिरात त्यांच्या नावाचा दगड उभा केला.