शिक्का कुणाचा?

मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करणारे आम्ही काही हौशी लोक आहोत. पगार कुणालाच नाही. परवा त्यातल्या एका तरुणाने विचारलं, "सर, आपल्या गटाच्या नावाने सोशल मीडियावर अधिकृत खातं उघडू का? पासवर्ड माझ्याकडे राहील."

पोरगा प्रामाणिक आहे, तरी मी लगेच हो म्हणालो नाही. मी इस्लामपूरचा. स्वयंसेवकांच्या चळवळीचं नाव सांभाळणं किती अवघड असतं, हे आमच्या भागाने ऐंशी वर्षांपूर्वी पाहिलं आहे.

१० सप्टेंबर १९४२ला इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. पुढच्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. तेव्हा आमचा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. गावोगावी न्यायनिवाडे, दारूबंदी, तुफान सेना, सगळं स्वयंसेवकांच्या बळावर चाललं. भूमिगतांना ना कचेरी, ना पत्ता. त्याचा फायदा दरोडेखोरांनी घेतला. त्यांच्या टोळ्या भूमिगतांचं नाव सांगून लुटू लागल्या. लुटल्या गेलेल्या माणसाने खरा कोण, खोटा कोण, हे कसं ओळखायचं? इंग्रज सरकारला तर चळवळीला गुंडगिरी ठरवायचंच होतं. शेवटी या टोळ्यांचा बंदोबस्त प्रतिसरकारलाच करावा लागला. लोकांच्या तोंडी 'प्रति'चं 'पत्री' झालं, आणि तळपायाला पत्रे ठोकण्याच्या गोष्टी त्या नावाला कायमच्या चिकटल्या.

आज दरोडेखोराला घोडा लागत नाही, खोटं खातं पुरतं. २०२२च्या नोव्हेंबरात ट्विटरची निळी खूण पैसे भरून मिळू लागली, तेव्हापासून तिच्यावरही विसंबता येत नाही. अशा खात्यावरून 'नवी आवृत्ती आली' म्हणून भलतीच फाईल वाटली गेली, तर बदनामी आमच्या सगळ्यांचीच.

यावर डेबियनने काढलेला मार्ग मला पटतो. १९९३मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प जगभरचे स्वयंसेवक चालवतात. १९९८पासून त्यांची लिखित घटना आहे. सभासद दरवर्षी मतदानाने प्रमुख निवडतात. प्रमुख प्रसिद्धीचं काम एका पथकाकडे सोपवतो आणि तशी नेमणूक जाहीर करतो. माणसं बदलता येतात, मात्र 'अमुक एक निर्णय घ्याल तरच नेमतो' अशी अट त्याला घालता येत नाही. म्हणजे खातं कुणा एकाचं नसतं आणि बोलणारा कुणाचा मिंधाही नसतो.

आपण 'शिक्कामोर्तब' म्हणतो. जुन्या मराठी पत्रांत शिक्का वर असे आणि मोर्तब शेवटी, खाली कुणी चार ओळी घुसडू नयेत म्हणून. दोन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले, पण काळजी अस्सल घरची.

त्या तरुणाला मी सांगितलं, "खातं जरूर उघड. पण पासवर्ड तिघांकडे राहील, तिघांची नावं सर्वांना कळवू आणि वर्षाने माणसं बदलू."

तो म्हणाला, "मग पहिलं वर्ष तुम्हीही राहा."

आता आम्ही तिसऱ्याच्या शोधात आहोत.