पहिली पाळी, मग तालीम

नाशिकरोडला मुलीसाठी स्थळ बघताना एकेकाळी पहिला प्रश्न असायचा, "मुलगा प्रेसला आहे का?" प्रेस म्हणजे टपाल तिकिटं आणि स्टॅम्प पेपर छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस, नाहीतर तिच्या शेजारची, नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस. पहिली 1925 सालची, दुसरी 1928 सालची. त्याआधी हिंदुस्थानची तिकिटं लंडनच्या डे ला रू कंपनीत छापून बोटीनं यायची. ती छपाई इथं आली आणि देवळालीगाव, विहितगाव, चेहेडी यांच्या अधल्यामधल्या माळावर भोंग्याच्या वेळेवर चालणारं गाव उभं राहिलं.

त्या भोंग्याच्या आडोशानं या गावात जी कला जगली, तिच्याबद्दल मला लिहायचंय. "नुसत्या कलेवर पोट भरतं का?" हा प्रश्न इथल्या घराघरांत विचारला गेला आणि गावानं त्यावर एक उत्तरही शोधलं. पहिली पाळी करा, दुपारी पाठ टेका, संध्याकाळी तालमीला या. माझ्या मते ते उत्तर चांगलं होतं. मात्र ते सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही, आणि आता तर ते हातातून निसटत चाललंय.

सुरुवात प्रेसच्याही आधीची आहे. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेले दादासाहेब फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरीत होते. स्वदेशीच्या वाऱ्यात त्यांनी ती सोडली, छापखाना काढला, तोही सुटला, आणि मग सिनेमाचं वेड शिरलं. 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांना तारामती मिळेना. शेवटी मिळाले ते ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके. तिथं त्यांना महिना 10 रुपये मिळत. फाळक्यांनी 15 देऊ केले. भारतीय सिनेमाची पहिली नायिका पाच रुपयांच्या वाढीवर मिळाली, असं लोक गमतीनं सांगतात. मला त्यात गंमत वाटत नाही. घर चालवणाऱ्या माणसाला तेव्हा पाच रुपये म्हणजे निम्मा पगार वाढून मिळाला होता. साळुंके टिकले, 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले, पुढं कॅमेराही शिकले. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडत, म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं: कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे म्हणा.

1913 साली फाळक्यांनी आपला संसार आणि सिनेमा नाशिकला हलवला. 1918 मध्ये इथंच हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली आणि पगारी नट, पगारी सुतार, पगारी रंगारी असं सगळं एका छपराखाली आलं. पुढं 1936 साली विष्णु वामन शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, नाशिकच्याच गोदावरी सिनेटोनमध्ये शिरले. 'सती सुलोचना'ची पटकथा त्यांनी लिहिली आणि लक्ष्मणाचं कामही केलं. त्या धंद्यात त्यांचं बस्तान बसलं नाही. मग वर्तमानपत्रं आणि साप्ताहिकं, एकामागून एक. 'विशाखा' 1942 साली आली ती अशा धावपळीतून. उलट वसंत कानेटकरांनी पंचवीस वर्षं हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं, आणि 1962 साली त्यांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाटक रंगभूमीवर आलं तेव्हाही ते सकाळी वर्गावर जात होते. नाशिकच्या मंडळींनी या दोघांकडून काय घेतलं असेल, तर कानेटकरांचा मार्ग: ठरलेला पगार आणि ठरलेले तास.

माझे वडील करन्सी नोट प्रेसच्या छपाई विभागात होते आणि कामगारांच्या नाटकात काम करायचे. महाराष्ट्रात 1953 च्या कायद्यानं कामगार कल्याण मंडळ स्थापन झालं. कामगाराच्या पगारातून कापली जाणारी चिमूटभर वर्गणी आणि मालकाचा वाटा यांतून कल्याण केंद्रं चालू लागली, नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. ओझरच्या विमान कारखान्यातले, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले, प्रेसमधले असे सगळे एकमेकांची नाटकं बघायला हजर असत. बाबांच्या संचाची एक गोष्ट मला अजून जपून ठेवावीशी वाटते. प्रेसच्या गेटमधून साधा कागदही आत नेता येत नाही, बाहेरही आणता येत नाही. झडती होते. त्यामुळे नाटकाची वही बरोबर न्यायचा प्रश्नच नव्हता. बाबा रात्री एक प्रवेश पाठ करायचे, सकाळी सायकलवरून म्हणत जायचे आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून समोरच्याकडून त्याची वाक्यं वदवून घ्यायचे. यंत्राच्या आवाजात ओठ हलवून संवाद जुळवायची त्यांना सवय झाली होती. प्रयोगाच्या दिवशी विंगेत प्रॉम्प्टर उभा असे, पण त्याला काम नसे. नाटकातल्या माझ्या अख्ख्या आयुष्यात मी इतकी चोख पाठांतरं दुसरीकडे पाहिली नाहीत.

त्या संचातली एकच व्यक्ती हौशी नव्हती. स्त्री भूमिका करायला बाहेरून बाई यायच्या. त्यांची 'नाइट' ठरलेली असायची, म्हणजे प्रयोगाचे आणि दोन-तीन तालमींचे पैसे. पुरुषांना दुसऱ्या दिवशी पाळी होती, पगार होता, आजारपणाची रजा होती. बाईंना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी दुसरं नाटक होतं. एका हंगामात त्या पाच-सहा संचांत काम करायच्या, प्रत्येक नाटकात वेगळ्या बापाची मुलगी, वेगळ्या नवऱ्याची बायको. सामानात एक नऊवारी, एक साधी गोल साडी, खोटे दागिने, केसांचं गंगावन आणि तेल-पावडरीची पत्र्याची पेटी. प्रयोग संपला की आमच्याकडे जेवून रात्रीच्या एस. टी.नं जायच्या, आणि निघताना पाकिटातले पैसे मोजून घ्यायच्या. आई म्हणायची, मोजायलाच हवेत, तिचं हे पगाराचं पाकीट आहे. स्पर्धेची पारितोषिकं वाचली जात तेव्हा संचाचं, कारखान्याचं नाव मोठ्यानं पुकारलं जाई. या बायकांच्या कष्टांवर मराठी हौशी रंगभूमी कितीतरी वर्षं उभी होती, आणि त्यांच्या नावांची एक साधी यादीसुद्धा कुणी केलेली मला माहीत नाही.

प्रेसच्या आतही कलावंत होते. तिकिटाचं चित्र आधी कुणीतरी हातानं काढायचं. पोलादी पाटीवर कोरायचं तर सगळं उलटं, आणि सावलीसुद्धा रेघांनीच दाखवायची. या कामावर सही नसते. 1929 ची विमान असलेली हवाई टपालाची तिकिटं, 1931 ची नवी दिल्लीच्या उद्घाटनाची तिकिटं इथंच छापली गेली. 1952 साली फोटोग्रॅव्ह्युअरची नवी यंत्रं आली आणि 1 ऑक्टोबरला संत-कवींची मालिका निघाली: कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. कबीर मागावर बसून पोट भरत होते. गालिब पेन्शनच्या दाव्यापायी दिल्लीहून कलकत्त्यापर्यंत गेले आणि हात हलवत परतले. गालिबचं तिकीट मी वर्गात मुलांना भिंगातून दाखवते आणि ही गोष्ट सांगते.

पण प्रेसचं किंवा कॉलेजचं दार सगळ्यांसाठी उघडं नव्हतं. वालदेवीच्या काठचं विहितगाव आता नाशिकरोडात मिसळून गेलंय. तिथं 17 जुलै 1930 रोजी बाबुराव बागूल जन्मले. लहानपणीच ते मुंबईला माटुंगा लेबर कॅम्पात गेले. शाळा झाल्यावर मिळेल ते अंगमेहनतीचं काम, आणि त्यातून वेळ काढून मासिकांसाठी कथा. रेल्वेत नोकरी मिळाली ती सुरतला. आमच्या गावात ज्या नोकरीसाठी लोक नवस बोलायचे, तशीच ती पक्की नोकरी होती. पण राहायला खोली हवी तर जात लपवावी लागत होती. बागुलांना ते जगणं सोसलं नाही. त्यांनी नोकरी सोडली. 1963 साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला आणि मराठी कथा मुळापासून हादरली. 1968 पर्यंत ते हातानं कष्टाची कामं करत राहिले; दुसऱ्याच वर्षी 'मरण स्वस्त होत आहे' प्रसिद्ध झालं. नोकरी आधी, कला नंतर, हा आमच्या गावाचा हिशेब त्यांना लागू पडत नव्हता, कारण नोकरीच माणूसपण मागत होती. 26 मार्च 2008 रोजी ते नाशिकलाच वारले.

तीच कथा वामनदादा कर्डकांची. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला 1922 साली जन्म. मुंबईत त्यांनी खडी फोडली, कोळशाच्या वखारीत ओझी उचलली, चिक्की विकली, आईसफ्रूट विकलं. सिनेमात शिरायची धडपडही केली. लिहिता-वाचता येत नव्हतं, ते मोठेपणी शिकले. पहिलं गाणं 1943 साली रचलं आणि मग पुढची साठ वर्षं खेड्यापाड्यांत आंबेडकरी विचार गात हिंडले. त्यांना ना पाळी होती, ना रजा, ना फंड. मानधन म्हणून जे मिळे ते, आणि कार्यकर्त्याच्या घरची भाकरी. स्थिर नोकरीनं कला जगते असं मी वर म्हटलं, ते बागूल आणि वामनदादा यांना बाजूला ठेवून म्हणता येणार नाही. नाशिकरोडनं जपलेली कला बऱ्याच अंशी करमणुकीची होती. मराठी भाषेला हलवणारं लिखाण आलं ते ज्यांना गेटच्या आत जागाच नव्हती त्यांच्याकडून.

माझ्या पिढीनं दोन्ही वाटा धुंडाळल्या. बारावीनंतर सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं, टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या: मराठी तीस, इंग्रजी चाळीस. चित्रकलेची पदविका घेतली. सुट्टीत पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला, स्टुडिओंत काम शोधायला जायचं. 1975 साली सुरू झालेली ही गाडी नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि रात्री दहाच्या आत परत आणून सोडते, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो. पासवाल्यांच्या गर्दीत दाराशी दोघी-तिघी हमखास असायच्या, पिशवीत फोटोंचा अल्बम आणि चांगली साडी. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत कुठल्या स्टुडिओत काय चाललंय याची सगळी खबर मिळायची. एका निर्मात्याकडे मी तीन महिन्यांचं काम केलं, त्याचे पैसे आलेच नाहीत. मग एका शाळेत चित्रकला शिक्षिका म्हणून लागले, संध्याकाळी नाटक बसवू लागले, आणि तेच आजवर करते आहे. त्याची मला खंत नाही. शाळा पाच वाजता सुटते, हे माझ्या नाटकाचं सगळ्यांत मोठं भांडवल आहे.

आज माझ्या तालमीला येणारी मुलं गुणी आहेत, बाबांच्या संचापेक्षा जास्त वाचलेली आहेत. पण 2006 साली प्रेस महामंडळाकडे गेली, यंत्रं बदलली, पूर्वीसारखी भरती राहिली नाही. ही मुलं सातपूर-अंबडला कंत्राटावर आहेत, नाहीतर दुचाकीवरून घरोघरी जेवण पोचवतात. कंत्राटदाराचा फोन आला की तालीम सोडून जावं लागतं. सलग आठ दिवस सगळा संच एकत्र आलाय असं क्वचित होतं. पाठांतर कच्चं राहतं ते आळसापायी नाही. पुढच्या आठवड्याची पाळी त्यांना रविवारी रात्री कळते. कलावंतांसाठी पुरस्कार, मानधन, सन्मान याबद्दल बरंच बोललं जातं. माझ्या अनुभवात नाटकाला सगळ्यांत जास्त लागते ती कामावरून सुटायची ठरलेली वेळ.

म्हणून नाशिकरोडकरांना, आणि ज्यांच्या गावात अजून एखादं कामगार कल्याण केंद्र उभं आहे त्या सगळ्यांना, माझं सांगणं आहे. त्या केंद्राचा हॉल लग्नाला भाड्यानं देण्याआधी संध्याकाळी सात ते दहा तालमीसाठी मोकळा ठेवायला सांगा. तुमच्या हाताखाली कंत्राटी पोरं असतील तर त्यांना पाळ्या महिनाभर आधी लावून द्या. आणि यंदाच्या स्पर्धेला तिकीट काढून या, पास मागू नका.