चढ संपला की साल बदलतं

सूर्य चांगला वर आल्याशिवाय चंद्रपूर सोडू नका. मूलच्या रस्त्यावर शहर संपतं न संपतं तोच जंगल दोन्ही बाजूंनी येऊन भिडतं, आणि या मुलखात पहाट आणि तिन्हीसांज ही वाघाची वेळ आहे. टायरची हवा बघा, दोन बाटल्या भरून घ्या आणि जटपुरा दरवाज्याखालून निघा.

गोंड राजांच्या परकोटाची ही कमान. तिच्या सावलीतून सायकल नेताना चाकांचा आवाज बदलतो, डांबर जाऊन माती लागते, आणि तुम्ही २१ ऑक्टोबर १८५८ या दिवसात उतरता. शहर गप्प आहे. मोलमपल्लीचा जमीनदार बाबुराव शेडमाके, वय वर्षं पंचवीस, याला आज चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कारागृहात पिंपळाखाली फाशी दिलं आहे. एप्रिलच्या अखेरीस त्याच्या माणसांनी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर छापा घातला होता, त्यात दोन इंग्रज मारले गेले. शेजारी उभा असलेला माणूस गोंडीत काहीतरी बोलतो. तुम्हाला गोंडी येत नाही, पण तो दक्षिणेकडे, अहेरीच्या दिशेनं पाहतो आहे एवढं कळतं. तिकडच्या जंगलातून तार जाणार, तिच्यामागून रस्ते जाणार आणि सागाची मोजदाद सुरू होणार. पुढची दीडशे वर्षं चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जे भांडण चाललं ते त्या तारेपासून मोजावं असं मला वाटतं: या जंगलाचा निर्णय कोणी, कुठे बसून घ्यायचा?

पॅडल मारा. बंगाली कॅम्पाच्या चौकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची पहिली बिऱ्हाडं क्षणभर दिसतील, ट्रंका, चटया, हातात कागद. मग लोहारा, घंटाचौकी, चिचपल्ली. घाट म्हणावा असा इथे एकही नाही. सगळे चढ लांबट आणि सौम्य, मधला गिअर लावून बसल्या बसल्या चढता येतील असे. साग, ऐन, धावडा, मधूनच बांबूची बेटं. फाल्गुनात आलात तर पळस पेटलेला असतो आणि मोहाखाली सकाळी सकाळी बायका वाकून फुलं वेचत असतात. टोपली भरेपर्यंत मान वर करत नाहीत. तशा वेळी घंटी वाजवा, बोला, आपण येतोय हे कळू द्या. वाकलेल्या माणसाला मागून गुपचूप येणारं काहीही इथे घाबरवतं, आणि त्याला कारण आहे.

मूलजवळ सोमनाथचा फाटा लागतो. वळा तिकडे. बाबा आमटे यांनी उभा केलेला हा प्रकल्प, आणि दर मे महिन्यात भरणारी श्रमसंस्कार छावणी. विदर्भातल्या मे महिन्यात, दगडमातीच्या कामावर, शहरातली कॉलेजची पोरं! थोडा वेळ तुम्हीही कुदळ धरा. तळहातावर फोड येईल, तो यायलाच हवा. मग परत सायकलवर बसा. या फाट्यावर साल तर बदलतंच, जागाही बदलते: २४ डिसेंबर १९८५, कन्याकुमारी. बाबा दोन दिवसांनी एकाहत्तर पूर्ण करणार आहेत. मणका असा झालेला की उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, बसणं नाहीच. ते गाडीत झोपून निघणार, आणि त्यांच्याबरोबर शंभरावर तरुण सायकलवर. भारत जोडो. थेट काश्मीरपर्यंत, पाच हजार किलोमीटरांहून जास्त. तुमच्या पुढ्यातली सायकल जड, काळी, बिनगिअरची आहे. देशात तेव्हा दंगे आणि फुटीरपणा धुमसत होता आणि या माणसाला त्यावर सायकल सुचली, हे मला फार मोलाचं वाटतं. सायकलस्वाराला गावाला वळसा घालून जाता येत नाही. पाणी मागावं लागतं, पंक्चर काढायला थांबावं लागतं, रात्री कुणाच्या तरी ओसरीवर पडावं लागतं. तीन वर्षांनी, १९८८ मध्ये, तीच चाकं ईटानगरहून ओख्याकडे निघाली.

मूल सोडलं की जंगल मागे सरतं आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. इथून पुढे रस्त्याच्या कडेला जागोजागी एक ठेंगणी, लांबच लांब पाळ दिसत राहते. वर मोह, करंज, एखादी चिंच. चढ जेमतेम दोन पुरुष उंचीचा. सायकल खाली टेकवा आणि चढून जा. वर पोचेपर्यंत तीनशे-साडेतीनशे वर्षं ओसरलेली असतात.

समोर पाणी नाही. वैशाखातली कोरडी, खोलगट जमीन आहे आणि तिच्यात साऱ्या गावाची माणसं आहेत. तुमच्याही डोक्यावर टोपली आहे. माती काळी, चिकट, उन्हानं गरम. टोपली पाळीवर रिकामी करायची, पाणी मारायचं, वरून बैलजोड्या फिरवून माती दाबायची, की पुढचा थर. खुरांचे खळगे बुजेपर्यंत पुन्हा फेरी. एका टोकाला कोहळी समाजातला एक म्हातारा उकिडवा बसला आहे. त्याच्याकडे कसलंही यंत्र नाही, मोजपट्टीही नाही. मागच्या पावसाळ्यात तो इथे भिजत उभा राहिला होता. पाणी कुठून आलं, कुठे थबकलं, कुठून निसटलं, ते त्यानं बघून ठेवलं आहे. कुणीतरी सांडव्यासाठी जवळची, मऊ जागा खणायला घेतो तसा तो काठी उगारतो. “तिकडं नोको जी, खडकाकडं काढा. मातीवरून पानी सोडलं का पार फुटलीच समजा.” पहिल्याच मोठ्या पुरात पाळ जाऊ नये म्हणून सांडवा शंभर पावलं लांब, खडकावर जातो. तेवढी माती तुम्हाला जास्त वाहावी लागते.

चांद्याच्या गोंड राजांनी घालून दिलेली रीत अशी होती: जंगल साफ करून गाव वसवील त्याचं गाव, आणि तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन. हीरशाह राजाच्या नावावर ही रीत सांगतात. तिच्यातली बुद्धी धानाच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. रोवणी आटोपते आणि नेमका पाऊस दडी मारतो. बांधीला भेगा पडायला लागतात. त्या पंधरवड्यात वरच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, पाट सोडता आला तर पीक हाती लागतं, नाहीतर तणसही धड मिळत नाही. वरच्या बोडीचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याच्याही खालच्या, अशी उतारावर पाण्याची उतरंड लागली. सायकलवरून जाताना डोळ्यांना सुख देणारं यातलं बहुतेक पाणी कुणीतरी डोक्यावरच्या टोपलीनं अडवलेलं आहे. १९५१ च्या सुमारास गावांची ही मालकी, म्हणजे मालगुजारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि माजी मालगुजारीचे ‘मामा तलाव’ झाले. गाळ काढायचा कुणी, हे मात्र तेव्हापासून अधांतरी राहिलं. पाळीवरून खाली बघा: अर्ध्या तलावात बेशरम माजली आहे, उरलेल्या अर्ध्यात कमळं, पानांवरून चालणारा कमळपक्षी, आणि कमरेएवढ्या पाण्यात जाळं टाकणारे ढिवर. कुणीतरी हाक मारून विचारील, “कोठी चालले जी?” गडचिरोली म्हणालात की उन्हाकडे बघून मान हलवील आणि पाणी पिऊन जा म्हणेल.

वेळ असेल तर पाथरीकडे वळून आसोलामेंढा बघून या. इंग्रजांच्या अमदानीतलं, शंभरावर वर्षांचं हे धरण मोठं आणि देखणं आहे, पण ज्यानं टोपली वाहिली आहे त्याचा जीव बोडीतच अडकतो.

सावली गावात चरख्यांची घरघर ऐकू आली तर ते १९३६ आहे. गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे भरलं आहे आणि गांधीजी या खेड्यात मुक्कामाला आहेत. खादीचं मोठं काम या भागात होतं, म्हणून ते इतक्या आत आले. पुढे वैनगंगेचा पूल. पात्र रुंद, वाळू पांढरी. पलीकडे उतरलात की गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ च्या आधी हा भागही चंद्रपूर जिल्ह्यातच होता. भामरागडच्या माणसाला जिल्हा कचेरी गाठायची तर हे सगळं अंतर उलटं तुडवावं लागे. गडचिरोलीहून दक्षिणेला आलापल्ली-भामरागडचा रस्ता महाराष्ट्रातल्या सर्वांत सुंदर रस्त्यांपैकी एक आहे, पण आष्टी ते आलापल्ली आता सूरजागडचं लोहखनिज नेणारे ट्रक धावतात आणि तिथे सायकल घाला असं मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही पूर्वेला, धानोऱ्याकडे वळा.

हा पट्टा शांत आहे. चढ वाढतात, गावं लहान होतात. चातगावच्या आसपास दुपारचा अंधार होतो, आणि तुम्ही नव्वदच्या दशकातल्या एका रात्रीत असता. कंदील, कुडाची भिंत, बाळंतीण. आरोग्यदूत बाई पिशवी घेऊन आत येते. गावचीच बाई, थोडंफार शिकलेली, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तयार केलेली. बाळ झोळीच्या काट्यावर ठेवते, वजन घेते, पुसून उबदार गुंडाळते. मग त्याच्या छातीकडे टक लावून श्वास मोजते, मिनिटभर. साठच्या वर गेले तर धोका. घरात कुणी बोलत नाही. तुम्हीही मनात मोजत राहता. एकोणचाळीस गावांत असं घरोघरी झालं आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’नं तो अभ्यास छापला. आज देशभरातल्या आशा ताई जन्मलेल्या बाळाच्या घरी जातात, ती वाट या जंगलातून निघाली आहे.

आता शेवटचा टप्पा. ऊन एप्रिलचं होतं, तारीख २७, साल २०११. मेंढा-लेखा. वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क या गोंड गावाला दोन वर्षांपूर्वीच मिळाला आहे. पण स्वतःच्या जंगलातला बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. आज केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करताहेत. गावचे देवाजी तोफा ते हातात घेतात. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा गाव कित्येक वर्षं देत होतं. आज बांबूवर शिक्का गावाचा पडणार. जटपुऱ्याखाली ऐकलेल्या प्रश्नाचं एक उत्तर, एका गावापुरतं का होईना, तुमच्यासमोर लिहिलं जातं आहे.

ग्रामसभा आजही भरते. या गावात हात वर करून मोजदाद होत नाही. सगळ्यांचं एकमत होईस्तोवर विषय पुन्हा मांडला जातो, आज नाही झालं तर पुढच्या बैठकीत. धानोरा इथून तीनेक किलोमीटरवर आहे, उजेड अजून बराच आहे. सायकल भिंतीला लावा, चपला बाहेर काढा, आणि कुणी जागा करून दिली तर बसा.