निकालापूर्वींची शिक्षा

न्यायाची घाई सोलापूरकरांस ठाऊक आहे. ८ मे १९३० चा उद्रेक झाला, लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्यांत फांशीं देण्यांत आलें. अवघे आठ महिने!

त्याच काळीं दिरंगाईहि दिसली. मीरत खटल्यांत डांगे, मिरजकर, घाटे प्रभृति मंडळी मार्च १९२९ मध्यें पकडली गेली. निकाल जानेवारी १९३३ मध्यें लागला. ठेंगडी तत्पूर्वींच वारले. ऑगस्टांत अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें कांहींस निर्दोष ठरविलें. परंतु कच्च्या कैदेंत गेलेलीं वर्षें कोण परत देणार?

१९७९ मध्यें हुसेनआरा खातून प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें त्वरित सुनावणी हा मूलभूत हक्क मानला. तो प्रत्येक कच्च्या कैद्यापर्यंत पोंचविण्याचें कार्य मात्र अद्यापि शेष आहे.