वजन उतरवायचंय? आधी चहातली साखर सोडावी की ताटातली भाकरी, समजून घ्या हिशोब

गावात सध्या दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतो, "मी साखर बंद केली, बिनसाखरेचा चहा घेतो." दुसरा म्हणतो, "मी भाकरी, भात, चपाती सगळंच सोडलं." दोघांनाही पोट कमी करायचंय. मोबाईलवर येणारे व्हिडिओही असेच दोन टोकाचे. मग खरं काय? साखर तोडणं महत्त्वाचं की सगळीच कर्बोदकं?

थोडक्यात उत्तर असं: सुरुवात साखरेपासून करावी, कारण ती सोडून शरीराचं काहीच नुकसान होत नाही. पण बऱ्याच घरांत वजनाचा मोठा भाग भाकरी-भाताच्या ढिगात असतो. तो ढीग कमी करायचा असतो, पूर्ण बंद करायचा नसतो.

कर्बोदकं म्हणजे काय?

ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, पोहे, साबुदाणा, बटाटा, फळं, साखर, गूळ या सगळ्यांत कर्बोदकं असतात. साखर हा त्यातलाच एक प्रकार. १ ग्रॅम कर्बोदकातून साधारण ४ कॅलरी मिळतात, मग ते साखरेतलं असो की भाकरीतलं. फरक सोबत काय येतं यात आहे. ज्वारीच्या भाकरीसोबत तंतू, प्रथिनं, लोह येतं आणि पोट भरतं. साखरेसोबत काहीच येत नाही, पोटही भरत नाही.

चहाचा हिशोब

एका चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार चहा धरले तर आठ चमचे होतात. एक चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी. महिन्याला ४,८०० कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. म्हणजे फक्त चहाची साखर सोडली तर कागदावर महिन्याला अर्ध्या किलोहून थोडं जास्त वजन उतरतं. अट एकच, चहासोबत खारी-टोस्ट वाढता कामा नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांपेक्षा कमी. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पाच चमचे. चार चहातच ही मर्यादा ओलांडली जाते. ऊसपट्ट्यात कारखान्याच्या सभासदाला सवलतीची साखर मिळते. घरात साखर भरलेली असली की हातही सैल सुटतो.

गूळ घातला तर चालतो का?

वजनाच्या बाबतीत गूळ आणि साखर जवळपास सारखेच. १०० ग्रॅमला दोन्हींत ३८० ते ४०० कॅलरी. मधही साखरेतच मोजला जातो. रसवंतीवरचा एक मोठा ग्लास रस घेतला तर ३० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. थंडगार शीतपेयाची छोटी बाटलीही २५ ग्रॅमच्या पुढेच असते. गुळाचा चहा करून साखर सोडली असं समजू नये.

आता ताटाचा हिशोब

एका मध्यम भाकरीला ७५ ग्रॅम पीठ लागलं तर ती साधारण २५० कॅलरीची होते. म्हणजे दिवसाला एक भाकरी कमी केली तरी चहाच्या सगळ्या साखरेपेक्षा जास्त कॅलरी वाचतात. दोन वेळेला दोन-दोन भाकरी आणि वर भात, असं जेवण असेल तर फक्त धान्यातूनच १,५०० कॅलरी जातात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यानुसार धान्यातून दिवसाच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त कॅलरी येऊ नयेत. २,००० कॅलरीच्या आहारात हे कच्चं धान्य साधारण २५० ग्रॅम बसतं. पीठ, तांदूळ, पोहे, रवा सगळं मिळून.

खुरपणी, ऊसतोड, हमाली करणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतं, त्याने भाकरी कमी करायची गरज नाही. अडचण इतरांची आहे. बैलं गेली, ट्रॅक्टर आला, पाणी धरायलाही मोटारसायकलवर जाणं सुरू झालं, पण ताट तेवढंच राहिलं.

सगळंच बंद केलं तर?

भाकरी-भात पूर्ण सोडला की पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येऊ शकतो. माणूस खूश होतो. पण त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या कर्बोदकासोबत पाणी धरलेलं असतं, साठा संपला की ते निघून जातं. पुन्हा जेवण सुरू झालं की परत येतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने कर्बोदकं कमी केली, दुसऱ्याने तेल-तूप. पहिल्या गटाचं वजन सरासरी ६ किलो उतरलं, दुसऱ्याचं ५.३ किलो. फरक नगण्य. दोन्ही गटांना एक गोष्ट सारखीच सांगितली होती: साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा.

मग करायचं काय?

- पहिले दोन आठवडे चहाची साखर निम्मी करावी, नंतर अर्ध्या चमच्यावर आणावी.
- शीतपेय, बिस्कीट, खारी, फरसाण घरात आणणंच कमी करावं.
- प्रत्येक जेवणात अर्धी भाकरी कमी करावी. भाकरी आणि भात एकाच ताटात घेऊ नये, एकच घ्यावं.
- कमी केलेल्या जागी मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडी, ताक, मेथी-शेपूची भाजी वाढवावी. नाहीतर तासाभरात भूक लागते.
- भाजीवरच्या तेलाच्या तवंगावर लक्ष ठेवावं. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात.

शुगरची गोळी चालू असेल तर सावध

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन जेवणाच्या हिशोबाने दिलेलं असतं. औषध तेच ठेवून भाकरी-भात अचानक बंद केला तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणं, घाम, चक्कर, बरळणं ही त्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. शेतात एकटं असताना हा प्रसंग जिवावर बेतू शकतो. म्हणून गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून औषधाचं प्रमाण ठरवावं, मगच ताट बदलावं. गरोदर बायका आणि किडनीचे रुग्ण यांनीही मनाने काही सुरू करू नये.

वजन रोज बघू नये. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर बघावं. सोबत कंबर टेपने मोजावी. पुरुषांची ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी. महिन्याला एक-दीड किलो उतरत असेल तर ते पुरेसं आहे.