एकाच गाठीची दोन कुळं

अंगभर मऊ गाठी असलेल्या रुग्णांवर स्ट्रासबुर्गचे पॅथॉलॉजिस्ट फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ साली ग्रंथ लिहिला. गाठींचं मूळ मज्जातंतूंशी आहे हे त्यांनी दाखवलं आणि आजाराला त्यांचंच नाव पडलं. आज त्याला एनएफ-१ म्हणतात. साधारण तीन हजारांत एकाला तो असतो. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग, काखेत ठिपके. यातल्या काहींच्या आतड्यातही गाठी निघत. कुणी त्या स्नायूच्या म्हणे, कुणी मज्जातंतूच्या.

हा घोळ फक्त याच रुग्णांपुरता नव्हता. जठराच्या भिंतीतल्या अशा पुष्कळ गाठींत स्नायूच्या खुणाच नाहीत, हे अमेरिकेतल्या मेझर आणि क्लार्क यांनी १९८३ मध्ये दाखवलं. 'स्ट्रोमल ट्यूमर' हे नाव तिथून रुळलं, पुढे त्याचंच 'जिस्ट' झालं. १९९८ मध्ये जपानच्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी मूळ गाठलं: आतड्याच्या हालचालीला ताल देणाऱ्या काहाल पेशींशी या गाठींचं नातं आहे, आणि पेशीला वाढीचा हुकूम देणारं केआयटी हे प्रथिन त्यांच्यात सतत चालू राहतं. दोनच वर्षांत हेलसिंकीतल्या एका रुग्ण महिलेला इमॅटिनिब दिलं गेलं. केआयटीला अडवणाऱ्या या गोळीने तिच्या पसरलेल्या गाठी आक्रसल्या. कॅन्सरच्या इतिहासात असे दिवस फार थोडे.

एनएफ-१च्या रुग्णांचं नशीब मात्र वेगळं निघालं. मिएटिनेन यांच्या गटाने २००६ मध्ये अशा ४५ जणांचा अभ्यास मांडला. गाठी बहुतेक लहान आतड्यात, अनेकांना एकाहून जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब जिस्ट, पण तपासलेल्या गाठींत केआयटीचं जनुक शाबूत. बिघाड दुसरीकडे होता. १९९० मध्ये १७व्या गुणसूत्रावर सापडलेलं एनएफ-१ जनुक वाढीला ब्रेक लावणारं प्रथिन बनवतं. इथे तो ब्रेकच निकामी. म्हणून इमॅटिनिबचा अशा गाठींवर सहसा फारसा उपयोग होत नाही. पुष्कळशा गाठी लहान असतात, संथ वाढतात. त्रास देणारी गाठ शस्त्रक्रियेने काढणं हाच मुख्य इलाज.

माझ्या मते गाठीची जनुकचाचणी न करता गोळी सुरू करणं चूकच. आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना कळकळीचं सांगणं: रक्त कमी होत असेल, शौच काळी होत असेल, तर पोटाच्या डॉक्टरांना अंगावरचे डाग आवर्जून दाखवा.