अनुभव-पुनर्निर्मिती (औंढा नागनाथ)

एकाचा भावानुभव दुसऱ्यास नुसता न सांगता, त्याच्याच हालचालींतून व निवडींतून त्याच्या ठायी पुन्हा घडवून आणण्याची रचनाविद्या. संगणकीय खेळांत मुलाच्या कर्करोगाशी झुंजलेल्या आईवडिलांचा ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ (२०१६) हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय.

औंढा नागनाथ ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तेथे हे तत्त्व जुनेच आहे. परंपरेने नरसी येथे जन्मलेले संत नामदेव (१२७०–१३५०) यांना औंढ्याच्या नागनाथ देवालयासमोर कीर्तनास मज्जाव झाला, ते पाठीमागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे वळले, अशी आख्यायिका आहे. त्यामुळे समोर अपेक्षिलेला नंदी मागे आढळला, की प्रदक्षिणा घालणारा भाविक क्षणभर नामदेवांच्या जागी उभा राहतो. स्थापत्यकारांचा तसा हेतू होता असे मानण्यास मात्र आधार नाही. भूमिगत गर्भगृहात अरुंद पायऱ्यांनी अंग चोरून उतरावे लागते, तेही याच जातीचे.

याहून सरस दाखला नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचा. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबांनी, जेथे पिंड नाही तेथे माझे पाय ठेव, असे नामदेवांस सांगितले; पाय जेथे न्यावे तेथे पिंडच प्रकटे. उपदेश येथे शिष्याच्याच हातून घडतो, म्हणून तो टिकतो. वारकरी कीर्तनातही ध्रुपद उचलणारे टाळकरी व श्रोते निव्वळ प्रेक्षक राहत नाहीत.